दोन दारांच्या आत

फिनिक्सच्या आसपास नव्यानं राहायला आलेल्या माणसाला वाटतं, इथं कुत्र्याला दोरी कशाला? वस्ती संपली की क्षितिजापर्यंत जमीनच जमीन. ना बांध, ना भिंत, ना पीक तुडवलं म्हणून ओरडणारा शेतकरी. सोडावं आणि धावू द्यावं. पण सोनोरन वाळवंटात कुत्रा असा सोडता येत नाही. कायद्यानं येत नाही, हे खरंच. पण कायद्याच्या आधी ती जमीनच सोडू देत नाही.

चोया नावाचा निवडुंग असतो. त्याच्या एका जातीला इथं ‘टेडी बेअर’ म्हणतात, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्याकडे पाहिलं तर नाव पटतं. फांद्यांभोवती सोनेरी, मऊशार उजेड दिसतो. तो उजेड म्हणजे काटे. जरा अंग घासलं की पेराएवढा तुकडा तुटून येतो आणि केसांत रुततो. कुत्रा तो दातांनी ओढायला जातो, मग तेच काटे जिभेत. म्हणून इथल्या कुत्रेवाल्यांच्या खिशात कंगवा असतो. दाते तुकड्याखाली सरकवायचे, मनगटाला झटका द्यायचा आणि तुकडा लांब उडवायचा. बोटं लावायची नाहीत. आमच्या घरी कंगव्याचा मान थोरल्या मुलीकडे आहे. आमच्या कुत्र्याचा, वाघ्याचा, पंजा मांडीवर घेऊन, ओठ घट्ट मिटून ती तो झटका देते, तेव्हा तिच्या कपाळावर मोठ्या माणसाच्या आठ्या पडतात. धाकट्याचं काम फक्त वाघ्याचे कान धरून त्याच्याशी बोलत राहायचं. बोलणं मराठीत असतं, कारण वाघ्याला तेवढंच कळतं अशी त्याची खात्री आहे.

चोया टळला तरी रॅटलस्नेक आहेत. उन्हं तापायला लागली की ते बाहेर येतात, आणि सापाचा वास आला की नाक पुढं न करता मागं पळायचं, हे कुत्र्यांना शिकवायचे इथं रीतसर वर्ग चालतात. कालव्याकाठानं संध्याकाळी कोल्ह्यासारखे कायोटी हिंडतात. टेकड्यांवरच्या पायवाटांवर उन्हाचा पारा 100 फॅरनहाइटला, म्हणजे जवळजवळ 38 सेल्सिअसला पोचला की कुत्रा न्यायला फिनिक्स शहराची 2016 पासून बंदी आहे. उघडी जमीन आणि मोकळी जमीन या दोन निराळ्या गोष्टी असतात, हे मला वाळवंटात आल्यावर कळलं.

मोकळी जमीन इथं मुद्दाम करावी लागते. चँडलर, गिल्बर्ट, टेंपी, स्कॉट्सडेल, फिनिक्सच्या आसपासच्या या प्रत्येक गावानं ती केली आहे: चार-पाच फूट उंच जाळीचं कुंपण, आत हिरवळ, दोन-चार मेस्किटची झाडं, माणसांसाठी बाक, कुत्र्यांसाठी जमिनीलगतचा नळ, आणि खांबावर काळ्या पिशव्यांची पेटी. मोठ्या कुत्र्यांचा भाग वेगळा, छोट्यांचा वेगळा. काही ठिकाणी बुजऱ्या कुत्र्यांसाठी आणखी एक. अमेरिकेतलं असं पहिलं मैदान 1979 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला सुरू झालं असं सांगतात. ते हवेशीर, खाडीकाठचं गाव. ही कल्पना वाळवंटात आली तेव्हा तिचा अर्थ बदलला. तिथं गजबजाटातून थोडी मोकळी जागा काढायची होती. इथं अफाट मोकळ्या जागेतून थोडी बंदिस्त जागा काढायची होती.

उन्हाळ्यात आम्ही सूर्याच्या आधी निघतो. अरिझोनात बहुतेक ठिकाणी घड्याळं उन्हाळ्यासाठी पुढं करत नाहीत. इथं संध्याकाळचं ऊन आणखी तासभर लांबवून घ्यायची हौस कुणाला? त्यामुळं जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य डोंगरावर येतो. त्याआधीचा उजेड जांभळट, कोरडा आणि फार थोडा वेळ टिकणारा असतो. मुलं अर्धवट झोपेत बुटांत पाय घालतात. गाडीतून उतरल्यावर थोरली उकिडवी बसून हाताची मागची बाजू डांबरावर टेकवते आणि मनात सात आकडे मोजते. हात ठेववला तर वाघ्याला उतरवायचं, नाही तर त्याच्या पायांत बूट. रात्र सरून गेली तरी डांबरानं आदल्या दिवसाचं ऊन पोटात धरून ठेवलेलं असतं. 2023 मध्ये 30 जून ते 30 जुलै असे सलग 31 दिवस फिनिक्सचा पारा रोज 110 फॅरनहाइटला, म्हणजे 43 सेल्सिअसच्या वर गेला होता. अशा दिवसांत कुत्र्यांचा आणि मुलांचा दिवस पहाटेच उरकतो. पुढचे तास पडदे ओढलेल्या खोलीत काढायचे. म्हणून त्या पहाटेच्या तासाला एक घाई असते, आणि त्याच वेळी एक ऐषही. मैदानावर आलेला प्रत्येक जण, दोन पायांचा असो की चार, आपल्या वाट्याचा दिवस तिथंच जगून घेत असतो.

आत जायला दोन दारं असतात, मध्ये चौकोनी पिंजऱ्याएवढी जागा. बाहेरचं दार उघडायचं, आत यायचं, ते लावायचं. मग दोरी सोडायची. मग आतलं दार उघडायचं. हा क्रम मुलांच्या हाडीमाशी भिनला आहे. दोरीचा चाप निघतो तो बारीक आवाज ऐकताच वाघ्याच्या पाठीवरून एक थरथर शेपटापर्यंत जाते, पण तो हलत नाही. आतल्या दाराशी तोवर चार-सहा नाकं जाळीला लागलेली असतात. नव्या पाहुण्याचा वास घेऊन झाल्याशिवाय पुढचं काही सुरू होत नाही. दार उघडलं की क्षणभर कुणीच धावत नाही. सगळे गोल फिरून एकमेकांच्या शेपटांखालचा वृत्तांत वाचून घेतात. मग कुणीतरी एक जण पुढचे दोन्ही कोपर जमिनीला टेकवतो, मागचा भाग वर ठेवतो, आणि सगळं मैदान उधळतं.

त्या वाकण्यावर प्राणिवर्तनशास्त्रज्ञ मार्क बेकॉफ यांनी पुष्कळ काम केलं आहे. कुत्रा खेळाच्या सुरुवातीलाच वाकतो असं नाही. जिथं गैरसमज व्हायची शक्यता असते, म्हणजे चावून डोकं हलवण्याच्या आधी किंवा नंतर, तिथंही तो वाकतो. आत्ता जे करणार आहे किंवा केलं, ते खेळातलं होतं, राग मानू नको, असं समोरच्याला कळवतो. हे मी धाकट्याला सांगितल्यापासून तो वाकण्यांवर लक्ष ठेवून असतो. तो मला सांगतो, आई, त्या काळ्यानं आत्ता सॉरी म्हटलं. आई, त्या लांबकान्यानं म्हटलंच नाही, आता भांडण होणार. आणि बहुतेक वेळा होतंच. पळणारा आणि पकडणारा आलटून पालटून होतात, आमच्या लहानपणीच्या शिवाशिवीत व्हायचे तसेच. सतत एकच जण पळत असेल तर खेळ संपला, त्रास सुरू झाला, हे ओळखायला मुलं इथं शिकली. शाळेच्या मैदानावर तीच गोष्ट ओळखायला त्यांना सोपं जातं की नाही, हे मी विचारत नाही. पण एकदा थोरली घरी येऊन सांगत होती की मधल्या सुट्टीत सगळ्या एकीलाच पळवत होत्या, म्हणून मी मध्ये गेले.

मुलांना मात्र इथं धावायचं नसतं. हे मैदान कुत्र्यांचं आहे, आपण पाहुणे, हे घरून निघतानाच ठरलेलं. काही गावांत लहान मुलांना आत घेतच नाहीत, काही ठिकाणी मोठं माणूस शेजारी हवं एवढीच अट. आमचे नियम त्याहून कडक. खाऊ न्यायचा नाही. किंचाळायचं नाही. कुत्र्याला हात लावण्याआधी त्याच्या माणसाला विचारायचं, आणि मग कुत्र्यालाही विचारायचं, म्हणजे हात खाली ठेवून तो येतो का ते पाहायचं. आणि अंगावर कुणी धावून आलं तर झाड व्हायचं. हात खाली, बोटं एकमेकांत गुंतवलेली, नजर स्वतःच्या पायांकडे, तोंड बंद. पळणाऱ्याच्या मागं कुत्रा पळतो. झाडाचा वास घेतो आणि निघून जातो.

धाकट्याला पहिला प्रश्न पडला होता तो कोणतं झाड, हा. त्याला सग्वारो व्हायचं होतं, हात वर करून. तो इथला राजा निवडुंग, गाडीच्या नंबरप्लेटवर, दुकानांच्या पाट्यांवर, सगळीकडे. पण वर केलेला हात दिसला की कुत्रा उडी मारणारच. त्याला वाटतं हातात चेंडू आहे. मग थोरलीनंच तोड काढली. शाळेत शिकलेलं तिनं त्याला ऐकवलं: सग्वारोला हात फुटायला पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम दीड इंच वाढतो. तू तर अजून आठ वर्षांचाही नाहीस, तुला हात कुठून असणार? हे त्याला एकदम मान्य झालं. तेव्हापासून मोठा कुत्रा दौडत आला की तो बिनहातांचा सग्वारो होतो. मी चार पावलांवर असते, पाय उचललेला असतो, श्वास घशात असतो. कुत्रा येतो, त्याच्या गुडघ्यांचा, बुटांचा, कानामागचा वास घेतो, शिंकतो, जातो. सग्वारो हळूच डोळे वर करून माझ्याकडे बघतो आणि दात दाखवतो.

त्या सग्वारोचं आणखी एक आहे. त्याचं रोप उघड्यावर जगत नाही. पालो वेर्दे, मेस्किट, आयर्नवुड अशा एखाद्या झाडाच्या सावलीत ते रुजतं. वरून उन्हाचा आणि थंडीचा मारा ते झाड झेलतं, खाली हे हळूहळू उंच होतं. वाळवंटात एकटा, ताठ, आभाळाखाली उभा दिसणारा प्रत्येक सग्वारो कधी काळी कुणाच्या तरी आडोशाला वाढलेला असतो.

मागच्या हिवाळ्यात माझी आई इथं आली होती. ती सासवडजवळच्या वाडीत वाढलेली, कुलदैवत खंडोबा, म्हणून वाघ्याचं नाव तिनंच फोनवरून ठेवलेलं. खंडोबाच्या तसबिरीत घोड्याच्या पायांशी कुत्रा असतोच. त्यामुळं कुत्र्याबद्दल तिला माया, पण ती दारापर्यंतची. घरात, सोफ्यावर, पांघरुणात कुत्रा ही तिला न झेपणारी गोष्ट. मैदानात ती नऊवारी नेसून, त्यावर लोकरीची टोपी आणि पायांत स्पोर्ट शूज घालून बाकावर बसली. पाचेक मिनिटांत एक चिखलानं भरलेला लॅब्रॅडॉर आला आणि त्यानं तिच्या मांडीवर हनुवटी टेकली. आईनं दोन्ही हात वर केले आणि मोठ्यानं ‘हाड!’ म्हणाली. लॅब्रॅडॉर खूश होऊन शेपूट हलवायला लागला. मुलं हसून गवतावर लोळली. “काय मेलं लाडावलंय,” आई म्हणाली, आणि थोड्या वेळानं तिचा हात त्याच्या कानामागं गेला. तो धुवायचं तिला घरी पोचेपर्यंत सुचलं नाही.

त्या दिवशी तिनं मुलांना नामदेवांची गोष्ट सांगितली. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, देवा, कोरडी खाऊ नकोस, म्हणत.

“आजी, त्याला दोरी नव्हती?” थोरलीनं विचारलं.

“दोरी कसली बाळा. गावचं कुत्रं ते.”

“पण कुणाचं?”

“सांगितलं ना, गावाचं.”

हे मुलांना कळेना. इथं गावाचं कुत्रं नसतं. तीन महिन्यांच्या पुढच्या प्रत्येक कुत्र्याचा परवाना काढायचा, रेबीजची लस टोचायची, बहुतेकांच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप असते आणि तिच्यातल्या क्रमांकावरून मालक सापडतो. ज्याला कुणी नाही त्याची जागा निवाऱ्याच्या पिंजऱ्यात. वाघ्या तिथूनच आमच्याकडे आला. रंग विटकरी, तोंड काळं, शेपूट वर वळलेलं. आईनं त्याला पाहिलं तेव्हा तिला तो आपल्या वाडीतलाच वाटला. तिच्या वाडीत कुत्री बांधलेली नव्हती हे खरं. पण त्यांना दगडही पडत, आणि पिसाळलेलं कुत्रं आलं म्हटलं की पोरांना घरात कोंडून घालत, हेही तीच सांगते. पोटात घ्यायच्या सुया, त्या काळातल्या, तिच्या मैत्रिणीनं घेतलेल्या. त्यामुळं ती मोकळीक खरी आणि ही खोटी, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. तिथं ती जपायचं काम कुणा एकाचं नव्हतं, सगळ्या गावाचं होतं. म्हणून कधी जमायचं, कधी हुकायचं. इथं ती दर सकाळी, दोन दारं लावून, नव्यानं मांडावी लागते.

आणि या मोकळिकीला पाणी लागतं. गिल्बर्टच्या कॉस्मो डॉग पार्कमध्ये तर कुत्र्यांना डुंबायला चक्क तळं आहे. कॉस्मो हा गिल्बर्ट पोलिसांचा पहिला कुत्रा. त्याच्या नावानं हे मैदान. तळ्याच्या काठी उभं राहिलं की वाळवंटाचा विसर पडतो. चेंडू पाण्यात पडतो, एकाच वेळी पाच डोकी त्याच्याकडे निघतात, एक ओली शेपटी तुमच्या विजारीवर पाऊस पाडते. चष्म्यावरचे थेंब मिनिटभरात वाळून जातात, तेव्हा आठवतं की आपण कुठं आहोत.

हिरवळीत जागोजाग जांभळी झाकणं दिसतात. धाकट्याला ती बटणं वाटायची, दाबली की काहीतरी होणारी. जांभळा रंग म्हणजे सांडपाणी शुद्ध करून परत वापरलेलं पाणी. ते पिण्याच्या नळात चुकून मिसळू नये म्हणून त्याचे पाइपही जांभळे, झाकणंही जांभळी. आपण आंघोळ केली, भांडी घासली, ते पाणी वाघ्याच्या पायांखाली गवत होऊन येतं, हे त्याला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. पण मूळ पाणी तरी कुठलं? काही सॉल्ट नदीचं, काही जमिनीतलं, आणि काही कोलोरॅडो नदीचं. कोलोरॅडोचं पाणी 336 मैलांच्या, म्हणजे सुमारे 540 किलोमीटरच्या कालव्यातून, वाटेत उंच चढवून इकडे आणतात. या कालव्याचं बांधकाम 1973 मध्ये सुरू झालं. त्याच्या कितीतरी शतकं आधी होहोकम लोकांनी याच खोऱ्यात शेकडो मैल कालवे हातानं खणले होते; आजच्या शहराचे काही कालवे त्यांच्याच वाटेनं जातात. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्र सरकारनं कोलोरॅडोच्या पाण्याचा पहिल्यांदाच रीतसर तुटवडा जाहीर केला आणि पुढच्या वर्षापासून अरिझोनाचा वाटा कापला. मी दुष्काळी तालुक्याच्या शेजारी वाढले. टँकरच्या रांगेतल्या हंडे-कळश्या पाहिलेल्या आहेत. त्यामुळं पहाटे तुषार सिंचनाचे फवारे बंद झाल्यावर चमचमणारं गवत पाहताना डोळा सुखावतो आणि मनात हिशोब सुरू होतो. दोन्ही एकदमच होतं, आणि एकामुळं दुसरं थांबत नाही.

जुलैत कधीतरी दक्षिणेकडून ढग येतात. हवामान खात्याच्या लेखी इथला मान्सून 15 जून ते 30 सप्टेंबर; पाऊस मात्र वर्षभराचा धरला तरी सात इंचांच्या आसपास. मुंबईत एखाद्या दिवशी याहून जास्त पडून जातो. पण तो यायच्या आधी क्रिओसोटच्या झुडपांतून जो वास सुटतो, तो पहिल्यांदा कुत्र्यांना कळतो. खेळता खेळता सगळी एका जागी थांबतात आणि नाकं वर करतात, एकाच दिशेला. माणसं त्यांच्याकडे बघून आभाळाकडे बघतात. कधी पावसाऐवजी धुळीची भिंतच येते, हजारो फूट उंच, तपकिरी. तेव्हा सगळ्यांनी गाड्यांकडे पळायचं. त्या धुळीत इथल्या मातीतली एक बुरशी असते. तिच्यापासून होणारा व्हॅली फीव्हर माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही होतो. खड्डे उकरून नाक खुपसणं त्यांना महागात पडतं. आणि पाऊस पडलाच तर त्या रात्री जमिनीखाली महिनोन् महिने दडून बसलेले मोठे हिरवट बेडूक वर येतात. त्यांच्या कातडीत विष असतं. कुत्र्यानं तोंड लावलं तर त्याचं डोकं खाली धरून, पाणी घशात जाऊ न देता बाजूनं तोंड धुवायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा. म्हणून पावसाळ्यात थोरली आधी एकटी आत जाऊन विजेरीनं गवत बघून येते. ‘सगळं ठीक’ असं ती दाराकडून ओरडते, मगच दोरी सुटते.

हिवाळ्यात गोष्टी उलट होतात. मिनेसोटाच्या, अल्बर्टाच्या नंबरप्लेटा दिसायला लागतात. बर्फातून पळून आलेली निवृत्त माणसं आपली म्हातारी कुत्री घेऊन उन्हाला बसतात. इथं माणसांची नावं कुणाला ठाऊक नसतात. मी वाघ्याची आई. एक आजोबा आहेत ते बेलाचे बाबा. बेला चौदा वर्षांची, डोळ्यांनी अधू. मुलं तिच्यासमोर बसून आधी आपल्या हाताचा वास तिला घेऊ देतात. ऑक्टोबरात उन्हाळी बर्म्युडा गवत पिवळं पडायच्या आधी त्यात राय गवताचं बी पेरतात आणि ते रुजेपर्यंत मैदानाचा तेवढा भाग बंद. जाळीला कुलूप, आत कोवळं पोपटी गवत, बाहेर रुसलेली कुत्री. धाकटा विचारतो, गवत कुत्र्यांसाठी आहे ना, मग कुत्र्यांनाच का नाही? मी म्हणते, वाढतंय अजून.

पाण्याची ओढाताण अशीच राहिली तर एक दिवस हे गवत जाईल. इथल्या अनेक घरांपुढची हिरवळ काढून लोकांनी खडी पसरली आहे, तशी मैदानांतही पसरतील. मला वाईट वाटेल, पण फार नाही. वाघ्याला तर मुळीच वाटणार नाही. पंजे पोळत नसतील आणि कुणी वाकून खेळायला बोलवत असेल, तर खडी त्याला चालेल. सावलीला एक मेस्किट ठेवा, भांडंभर पाणी ठेवा. आणि ती दोन दारं ठेवा. एक उघडायच्या आधी दुसरं लावायचं, हे माझ्या मुलांना कुणी व्याख्यान देऊन शिकवलेलं नाही. मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी दार धरून न ठेवता आधी ते लावून घ्यायचं, आणि त्यात उद्धटपणा नाही, हेही ती तिथंच शिकली. बाहेर रस्ता आहे, चोया आहे, कायोटी आहेत. आत सुटलेल्या प्रत्येकाचा जीव शेवटच्या आलेल्या माणसाच्या हातात असतो. परवा एक नवं जोडपं दोन्ही दारं उघडी टाकून पिल्लाचा फोटो काढत होतं. धाकटा त्यांच्याजवळ गेला, हात खालीच ठेवून, आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “आधी मागचं लावा.” त्यांनी लावलं.